लेबल बदलायचं राहिलं त्या दिवशी

मी किराणा दुकानात बिलिंगला बसतो, सात वर्षं झाली. लोक दुकान कशावरून ठरवतात असं कुणी विचारलं की मी सांगायचो, घराजवळ हवं, माल ताजा हवा, रांग पटापट सरकायला हवी, आणि ते खरंच आहे, दोनदा नासकं दूध गेलं की माणूस परत फिरकत नाही. पण त्या रविवारनंतर माझं उत्तर बदललं.

संध्याकाळची वेळ, रांग पार दारापर्यंत. नेहमीच्या एक काकू पैसे देऊन गेल्या आणि पाच मिनिटांत पिशवी घेऊन परत. "अरे, रॅकवर भाव एक लिहिलाय आणि बिलात वेगळाच लागलाय." जाऊन बघितलं तर ऑफर आदल्या रात्री संपलेली, कॉम्प्युटरमध्ये भाव बदललेला, रॅकवरचं लेबल मात्र तसंच. पाकिटावरच्या बारकोडमध्ये भाव नसतो, नुसता नंबर असतो, १९७४ मध्ये दुकानात पहिल्यांदा बारकोड स्कॅन झाला तेव्हापासून हेच, त्यामुळे लेबल आणि कॉम्प्युटर जुळतंय का हे बघायचं काम माणसाचंच, आणि ते आमच्याकडून राहिलं.

मी माफी मागून फरकाचे पैसे परत दिले. त्यांनी घेतले, पण म्हणाल्या, "पैशाचं काही नाही रे. तुमच्याकडचं बिल मी आजवर कधी वाचलंच नव्हतं. आता मागची सगळी आठवायला लागलीत."

मला काय बोलावं सुचेना.

शटर पाडल्यावर स्कॅनर घेऊन सगळे रॅक फिरलो. अकरा लेबलं चुकीची निघाली, त्यातल्या चारांत नुकसान आमचंच होत होतं, पण ते कुणाला सांगणार. डिस्काउंट बघून माणूस एकदा येतो हो, पण रोज कामावरून दमून येणाऱ्याला असं दुकान हवं असतं जिथलं बिल न बघता पिशवीत टाकता येईल, हे मला तिथे रॅकसमोर उभं राहून कळलं. आता सकाळी दुकान उघडायच्या आधी संपलेल्या ऑफरची लेबलं मी स्वतः काढतो.

काकू तीन आठवडे दिसल्या नाहीत. मग एकदा आल्या, फक्त दूध आणि साबण घेतला. बिल हातात घेऊन काउंटरवरच थांबल्या, पर्समधून चष्मा काढला, एकेक ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या. मागे चारजण उभे होते. त्यांचं वाचून होईपर्यंत मी पुढचा माल स्कॅन केला नाही.