आमची वाटचाल : 36 कॉट आणि 2020

भाड्याने देण्याजोगं घर निवडून द्यायचं, भाडेकरू बसवायचा, करार नोंदवायचा आणि भाडं दर महिन्याला मालकाच्या खात्यात टाकायचं, हे आमच्या फर्मचं काम. जळगाव, भुसावळ, धुळे. सुरुवातीची वर्षं बरी गेली. सांगायचं ते 2020 चं.

जळगावात कॉलेजच्या पट्ट्यात 18 खोल्यांची इमारत आम्ही मालकाला ठोक भाडं कबूल करून घेतली होती. खोलीत 2 कॉट, कॉटचे 1,800, म्हणजे महिन्याला 64,800. मालकाला 42,000, वीज, पाणी, बाई मिळून 8,000. 36 पैकी 28 कॉट भरल्या की खर्च निघतो. पण पोरं उन्हाळ्यात दोन महिने गावी जातात. 10 महिन्यांचे 6,48,000 येतात आणि खर्च 12 महिन्यांचा, 6,00,000. वर्षाला उरले 48,000. मार्च 2020 मध्ये कॉलेजं बंद झाली, इमारत रिकामी. 2021 च्या फेब्रुवारीत अर्धवट उघडली, पुन्हा बंद. करारात तीन वर्षांचा लॉक-इन, म्हणजे मधे इमारत सोडायची नाही ही अट, आमच्याच सहीचा, बाहेर पडायची अट एकही नाही. मालकाचं भाडं आम्ही खिशातून भरलं, एक महिना चुकवला नाही. सगळं सुरळीत होत आलं तेव्हा त्याच मालकाला गावातल्या एका दलालाने जास्त भाडं बोललं, आणि इमारत गेली.

तेच दलाल महाशय आता फ्लॅटच्या पाट्यांवर ‘साडेतीन टक्के हमखास भाडं’ लिहितात. 28 लाखांचा फ्लॅट, 8,000 भाडं, वर्षाचे 96,000; हिशेब तेवढ्यापुरता खरा. मुद्रांक, नोंदणी, किरकोळ काम धरून तोच फ्लॅट 31 लाखांना पडतो. एक महिना रिकामा, घरपट्टी-पाणीपट्टी 7,000, सोसायटी 12,000, रंग-दुरुस्ती 8,000 वजा केले की हातात 61,000. दोन टक्केसुद्धा नाही.

म्हणून आम्ही गाव निवडताना दर किती वाढेल हे शेवटी बघतो. आधी बघतो ते वाईटात वाईट महिन्यात भाडं कोण देईल. भुसावळला रेल्वे आहे, आयुध निर्माणी आहे, दीपनगरचं वीजकेंद्र आहे. पगार थांबत नाही. पण क्वार्टर मिळालं की भाडेकरू उठतो, म्हणून तिथे एक महिन्याची नोटीस लिहून घ्या आणि बदल्यांच्या हंगामात, मे-जूनमध्ये, चावी मोकळी ठेवा. दोन खोल्या-स्वयंपाकघर चालतं, थ्री बीएचके पडून राहतो.

घर बघायला जाताना आमच्या पिशवीत टेप, टेस्टर आणि एक मग. मगभर पाणी मोरीत ओतायचं. जाळीकडे न जाता कोपऱ्यात थांबलं तर उतार चुकलाय, सहा महिन्यांत खालच्या मजल्याची ओल तुमच्या गळ्यात. वरच्या मजल्याचं घर एप्रिलमध्ये दुपारी 3 वाजता बघा, स्लॅबला हात लावून. कूलर ठेवायला खिडकी आणि तिच्याजवळ प्लग नसेल तर खान्देशात ते घर उन्हाळ्यात रिकामं होतं.

अमळनेरचे आमचे नाना, निवृत्त मास्तर, पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक. त्यांचा प्रश्न एकच : “पाणी कितला दिनमा येस?” चार माणसं, माणशी 135 लिटर, दिवसाला 540. नळ तीन दिवसांनी आला तर 1,620, म्हणजे 2,000 लिटरची टाकी हवी. नानांनी 1,000 च्या टाकीचं घर कधी घेतलं नाही आणि त्यांची खोली कधी रिकामी राहिली नाही.

करार मात्र नोंदवाच. ‘11 महिन्यांचा आहे, नोटरी चालते’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 : करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याचा करार, नोंदवलेलं असेल आणि मुदत संपूनही तो हलला नाही, तर कलम 24 खाली ताबा आणि दुप्पट भाडं मागता येतं.

कॉलेजच्या पट्ट्यातल्या त्या इमारतीवर आता दुसऱ्याची पाटी आहे. टाकी अजून तीच, 36 कॉटला 2,000 ची.