तुम्ही विचारलंत म्हणून : गेमच्या संगीताची 'चाल'

माझी अंबाजोगाईत पेटी आणि कीबोर्डची शिकवणी आहे. महिन्यातून एकदा तरी एखादं पोरगं वर्ग सुटताना मोबाईल पुढं करतं. "सर, ऐका ना. ह्या गेममधलं म्युझिक आन् ते गाणं सेम वाजायलंय. कुणी कुणाचं ढापलं?" आता पालकही विचारतात, लग्नाच्या बँडमधले मित्रही विचारतात. तर एकदा नीटच सांगतो.

आधी आण्णांच्या वहीबद्दल. माझे वडील चाळीस वर्षं भजनी मंडळात गातात. त्यांची लाल पुठ्ठ्याची लांबट वही आहे. प्रत्येक अभंगाच्या डोक्यावर लाल शाईत एक शब्द : 'चाल'. त्याच्यापुढं कधी जुन्या सिनेगीताचा मुखडा, कधी दुसऱ्या भजनाची पहिली ओळ, कधी नुसतं 'परळीच्या दिंडीत ऐकली'. आपल्या मराठवाड्यात हे नवीन नाही. आंबेडकरी गायन पार्ट्यांनी सिनेमाच्या चालींवर किती गाणी बांधली आणि ती गावोगाव रात्र रात्र गायली गेली. चाल घेणं हा आमच्याकडं कधी गुन्हा नव्हता. घेतली की वर लिहायची. मी गेमचं संगीत ऐकतो ते ह्याच कानानं.

लहानपणी स्टँडजवळच्या एका दुकानात टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम होता. पैसे द्यायचे आणि कॅसेट बदलून बदलून खेळायचं. पण माझा जीव अडकला तो मामेभावाच्या हातातल्या छोट्या गेमवर, टेट्रिसवर. त्यात वाजणारी धून मी घरी येऊन पेटीवर शोधली. पांढरी सहाला, म्हणजे सहाव्या पांढऱ्या पट्टीला, सा धरला आणि एकही काळी पट्टी न लागता ती सापडली : प, रे ग म ग रे सा, सा ग प म ग रे. गंधार कोमल, पुढं धैवत आणि निषादही कोमल. आसावरी थाटाचे सूर. मला वाटलं, हे आपल्याकडचंच कुठलं तरी गाणं असणार, परदेशी लोकांनी उचललेलं.

ते निघालं रशियाचं लोकगीत, 'कोरोबैनिकी'. पाठीवर खोकं घेऊन गावोगाव कापडचोपड विकणाऱ्या फेरीवाल्यांचं. शब्द निकोलाय नेक्रासोव ह्या कवीच्या १८६१च्या कवितेतले. निन्टेन्डो ह्या जपानी गेम कंपनीच्या हिरोकाझु तानाका यांनी १९८९मध्ये गेम बॉय ह्या हातात धरायच्या यंत्रासाठी ते बांधलं. गेम रशियन माणसानं बनवलेला, म्हणून गाणंही रशियाचं. ज्या गाण्याचा मालक अख्खा गाव असतो ते कुणी घेतलं तर चोरी कसली? पण ते कुठलं हे कळल्यावर मला ते जास्त आवडायला लागलं, हेही खरं.

आता मारिओ. पोरांचा सगळ्यात जास्त संशय त्याच्यावर. टी-स्क्वेअर ह्या जपानी बँडचं १९८४चं 'सिस्टर मेरियन' ऐकलं की १९८५च्या मारिओची पहिली सुरावट आठवतेच. मलाही आठवते. म्हणून मारिओचं संगीत करणाऱ्या कोजी कोंडो यांना चोर म्हणायला मात्र मी तयार नाही. त्या काळात जपानमध्ये जॅझ फ्युजन, म्हणजे जॅझमध्ये रॉक मिसळलेलं संगीत, जोरात होतं, ते वातावरणातच होतं. शिवाय मारिओ ज्या यंत्रावर चालायचा त्या यंत्राकडं बघा. आवाजाच्या पाचच वाटा. दोन चौकोनी लहरींच्या, सनईसारख्या टोकदार. एक त्रिकोणी लहरीची, खर्जासाठी. एक नुसत्या खसखशीची, तिच्यावर ताल. पाचवीवर अगदी छोटे ध्वनिमुद्रित तुकडे. त्यातही मारिओनं उडी मारली की तो आवाज संगीताचीच एक वाट घेतो आणि तिच्यावरचा सूर क्षणभर गप्प होतो. अख्खा गेम ४० किलोबाइटचा. इतक्या जागेत तासन् तास फिरून फिरून वाजेल आणि कंटाळा येणार नाही अशी धून बसवायची म्हणजे ठसठशीत, छोटी, लगेच तोंडात बसणारी सुरावटच हवी. लोकप्रिय गाण्याचा मुखडाही नेमका असाच असतो. दोघांची गाठ कुठं ना कुठं पडणारच.

ह्याच कोंडोंची एक गोष्ट मी पोरांना आवर्जून सांगतो. १९८६च्या 'झेल्डा' ह्या गेमच्या सुरुवातीला राव्हेल ह्या फ्रेंच संगीतकाराचं 'बोलेरो' वाजवायचं ठरलं होतं. राव्हेल १९३७मध्येच वारला होता. गेम तयार होत आला आणि कळलं, त्या रचनेचे हक्क अजून संपलेले नाहीत. मग कोंडोंनी एका दिवसात नवीन संगीत बांधलं. आज झेल्डा म्हटलं की लोकांना तेच आठवतं. दुसऱ्याचं वाजवता आलं असतं तर हे जन्मालाच आलं नसतं.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते. 'सॉनिक ३' हा गेम, १९९४चा. त्यातल्या बर्फाच्या टप्प्याचं संगीत 'जेट्झन्स' ह्या बँडच्या 'हार्ड टाइम्स'शी जुळतं. ते गाणं मुद्रित झालं १९८२मध्ये, बाहेर आलं २००८मध्ये. त्यानंतर कुठं लोकांना साम्य कळलं. जुळतं, कारण ब्रॅड बक्सर त्या बँडमध्येही होते आणि गेमच्या संगीतातही. स्वतःचीच जुनी चीज त्यांनी पुन्हा वापरली. गेमच्या शेवटी वाजणारं संगीत मायकल जॅक्सनच्या 'स्ट्रेंजर इन मॉस्को'सारखं आहे, आणि इथं गेम आधीचा, गाणं नंतरचं. बक्सर यांचं नाव गेममध्ये आहे, जॅक्सनचं नाही. त्याचा त्यात हात होता हे गेमच्या निर्मात्यांपैकी युजी नाका यांनी उघड म्हटलं ते २०२२मध्ये. अठ्ठावीस वर्षं लोक अंदाज बांधत बसले. सूर चोरीला गेला नव्हता, वहीतली वरची ओळ तेवढी कोरी होती. माझ्या मनाला ते लागतं. कुणाच्या गळ्यातून आलं हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे.

'डूम'बद्दल थोडक्यात. १९९३चा गेम, बॉबी प्रिन्स यांचं संगीत, मेटल, म्हणजे कर्कश गिटारच्या रॉक गाण्यांच्या इतकं जवळ की ऐकणारे गाण्यांची नावं घेतात. प्रिन्स कायदा शिकलेले. किती जवळ गेलं की चालतं हे त्यांना ठाऊक होतं. कायद्यात बसतं, पण मला तेवढ्यानं समाधान होत नाही.

माझ्यावरही ही पाळी आली. ओळखीच्या एका इंजिनिअरिंगच्या पोरानं मोबाईल गेम केला : ज्वारीच्या रानात गोफणीनं पाखरं हाकलायची. अर्ध्या मिनिटाची धून मी दिली, तीच फिरून फिरून वाजते. आठ दिवस खपून केली होती. घरी वाजवत होतो तर आण्णा आतून म्हणाले, "ही तर काकड्याची चाल. कुठनं घेतलीस?"

"आण्णा, तुमचं काहीतरीच. माझी आहे ही."

ते काही बोलले नाहीत. वही काढली, पान उघडलं आणि हळू आवाजात म्हणायला लागले. तिसऱ्या ओळीला माझा हात पेटीवर थांबला. कोमल गंधारावरून सा वर उतरायची तीच जागा, तोच श्वास. कार्तिकात पहाटे साडेचारला ते मला शालीत गुंडाळून काकड्याला न्यायचे, मी त्यांच्या मांडीवर अर्धवट झोपेत असायचो. चाल तिथूनच आत गेलेली.

त्या रात्री पोराला फोन केला. गेममधल्या नावांच्या यादीत माझ्या नावाखाली ओळ घालून घेतली : 'चाल : पारंपरिक, काकडा, अंबाजोगाई'.

गेल्या श्रावणात आण्णांनी मंडळात एक गवळण नव्यानं बसवली, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची. शिकवणीत पोरं टेट्रिसची धून घोकतात, ती त्यांच्या कानावर पडत होती. एकदा मला बोलावून विचारलं, "हे कुणाचं आहे रे?" मी फेरीवाल्यांचं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला आणि लाल पेन काढून गवळणीच्या वर लिहिलं : 'चाल : रशियातल्या फेरीवाल्यांची'. मग मला म्हणाले, "त्या गावाचं नाव कळलं तर सांग, जागा सोडून ठेवलीय."