तुम्ही विचारलंत म्हणून: भाताच्या शिवाराला पाणथळ का म्हणतो?

पाणथळ जागांचा अभ्यास करतो म्हटलं की बेळगावात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पाणथळ म्हणजे तळं ना ओ? मग येळ्ळूर-शहापूरच्या शिवारात काय बघतासा?"

शिवारच बघतो. १९७१ साली इराणमधल्या रामसर इथं झालेल्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय करारातली व्याख्या ऐसपैस आहे. दलदल, तळी, नद्या, खाड्या, नैसर्गिक असोत की माणसानं केलेल्या, पाणी बारमाही असो की चार महिन्यांचं, सगळं त्यात बसतं. ४२ प्रकारांच्या त्या वर्गवारीत भातखाचरंही आहेत. माणसानं केलेली पाणथळ म्हणजे दुय्यम, असं वाटत असेल तर गोकाककडं धूपदाळला जाऊन या. घटप्रभेवर इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, पाणी तुंबलं, आणि आज तिथं पक्षी अभयारण्य आहे.

आता आपलं खाचर. चिखलणी केली की चिखलाखालचा मातीचा थर घट्ट बसतो, पाणी झटकन मुरत नाही. बांधाआड ते वीतभर उभं राहतं, सावकाश झिरपतं, जास्तीचं बांधाच्या तोंडातून खालच्या वावरात उतरतं. या शिवारातून वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्याच्या दोन्ही अंगांना अशी किती वावरं पावसाचं पाणी धरून बसतात! बांधात खेकड्यांची बिळं, पाण्यात बेडकांची पिल्लं, त्यांच्यामागं बगळे. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर मसूर येतो. साचलेल्या पाण्याच्या भातशेतीतून मिथेनही सुटतो, तेही सांगायला हवं. फायद्याचीच यादी वाचणारा मी नव्हे.

गोम कायद्यात आहे. आपल्याकडच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत भातशेती वगळलीय. शेतकऱ्याला लावणीसाठी परवानग्या मागाव्या लागू नयेत, इतपत ते मला पटतं. पण शेती थांबून त्याच जागेत मुरूम पडला, तर पाणथळ बुजवली असं कागद म्हणतच नाही. बिगरशेतीची परवानगी मिळाली की विषय संपला.

पाण्याचा मात्र संपत नाही. भराव घातलेल्या वावरात पूर्वी मावणारं पाणी शेजारच्या बांधावर चढतं. नाल्यात गाळ आणि शहराचं सांडपाणी, त्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी; पुढं वाट नाही म्हणून पाणी मागं फुगतं आणि नुकती लावलेली रोपं कुजतात. दुबार लावणीचा खर्च ज्याच्या अंगावर पडतो, त्यानं भराव घातलेला नसतो. दरसाल "यंदा पाऊस जास्त झाला" म्हणून ऐकतो. मला ते अर्धंच खरं वाटतं.

यावर हमखास दुसरा प्रश्न येतो: "मग तिकडं प्लॉट घ्यावा की नको?" एजंट दाखवायला नेतात ते एप्रिलात, भेगाळलेल्या जमिनीवर. मी म्हणतो, जुलैत एकदा स्वतः जा, आणि खालच्या अंगाला ज्याचं वावर आहे त्याला पाणी कुठून येतं ते विचारा.