ॲव्हेंजर 180 ची उभारणी: चेसिस आली, इंजिन बसलं, सीट अडकली

12 जानेवारी

चेसिस घरी आली. काळी, पण चकचकीत नाही, थोडी मंद छटा असलेली पावडर कोटिंग. जिन्याखाली दोन लाकडी ठोकळ्यांवर उभी केली आणि संध्याकाळभर तिच्याकडे बघत बसलो. चार महिने ही गाडी म्हणजे अकरा खोकी आणि एक वही होती. आज तिला पुन्हा कणा आला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी 2006 ची बजाज ॲव्हेंजर 180 डीटीएस-आय, म्हणजे एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लगवाली. काकांनी नवीकोरी घेतली, अकरा वर्षं वाई-पुणे ये-जा केली, आणि मग ती वाईच्या घरामागे पत्र्याखाली सात वर्षं उभी राहिली. पावसाने आणि उंदरांनी जे करायचं ते केलं. गाडी विकायची नाही, हे काकांचं आणि माझं एकमत.

चेसिस उघडी असतानाच या गाडीचं घराणं नीट कळतं. हँडलच्या नळीपासून दोन पाइप खाली उतरतात, इंजिनाला पाळण्यासारखे कवेत घेतात आणि मागे निघून जातात. हा पाळणा ॲव्हेंजरपेक्षा जुना आहे. 2001 च्या सुरुवातीला कावासाकी बजाज एलिमिनेटर आली, 175 सीसीची, इंजिन कावासाकीचं. आपल्याकडच्या कारखान्यातून निघालेली ती खरीखुरी क्रूझर होती: बुटकी सीट, पाय पुढे, मागे छोटं जाड चाक. एलिमिनेटर हे नाव कावासाकीने 1985 पासून वापरलेलं. ती पहिली 900 सीसीची, निंजा 900 चं चार सिलिंडरचं इंजिन, चेनऐवजी शाफ्ट, आणि बांधा ड्रॅगरेसच्या गाडीसारखा लांबट. त्या नावाची आपल्याकडे आलेली ही धाकटी पाती.

ती महाग होती, म्हणून कमी लोकांनी घेतली. 2005 मध्ये बजाजने तो सांगाडा ठेवला, कावासाकीचं इंजिन काढलं आणि पल्सर 180 चं बसवलं. ॲव्हेंजर जन्मली ती अशी. किंमत बरीच खाली आली आणि ज्याला पल्सर उघडता येते अशा गल्लीतल्या कुठल्याही मिस्त्रीला ही गाडी उघडता यायला लागली. मला वाटतं, ही गाडी वीस वर्षं टिकली ती या एका निर्णयामुळे.

26 जानेवारी

सुट्टीचा दिवस इंजिनात गेला. ब्लॉकला ओरखडे नव्हते, म्हणून नुसतं होनिंग (सिलिंडरची आतली भिंत हलकी घासणं) करून नवीन रिंगा टाकल्या. व्हॉल्व्ह घासून बसवले, टायमिंग चेन आणि टेन्शनर बदलला, क्लच प्लेटा नवीन. सगळी ऑइलसील आणि पॅकिंग नवीन, यात काटकसर केली नाही.

हेड हातात असताना दोन्ही प्लगची भोकं दिव्याखाली धरून बघितली. एकाच प्लगने ठिणगी पडली की ज्वाला एका कडेने निघून पूर्ण ज्वलनकक्ष ओलांडते, तेवढ्यात पिस्टन पुढे सरकलेला असतो. दोन बाजूंनी एकदम पेट घेतला की तिला निम्मंच अंतर कापावं लागतं, मिश्रण लवकर आणि पुरतं जळतं. 2003 च्या पल्सरमध्ये हे आलं आणि तिथून ॲव्हेंजरमध्ये. एका बाजूचा प्लग सहज हाती लागतो, दुसरा नळीत खोल बसलेला. माझ्या गाडीतला तो आतला प्लग बहुधा कित्येक वर्षं कुणी काढलाच नव्हता. इलेक्ट्रोड झिजून गोल झाला होता. जुनी डीटीएस-आय असेल तर एकदा बघाच, गाडी एका प्लगवरही चालत राहते आणि आपल्याला फक्त ॲव्हरेज कमी झाल्याचं कळतं.

बरेच जण विचारतात की ॲव्हेंजर 220 चं इंजिन का टाकत नाही. आकडे बघा, मजा आहे. 180 चा बोअर (सिलिंडरची रुंदी) 63.5 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) 56.4. 2007 ची 200 आली तेव्हा स्ट्रोक तोच ठेवून बोअर 67 केला. 2010 मध्ये 220 आली तेव्हा बोअर 67 च राहिला आणि स्ट्रोक 62.4 झाला. म्हणजे आधी रुंदी वाढवली, मग उंची. क्रूझरला खरी गरज दुसऱ्या पायरीची होती: लांब स्ट्रोकमुळे कमी आरपीएमवर ओढ येते, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये घाट चढताना गाडी कुरकुरत नाही. पल्सर 220 ला 21 पीएस ताकद आणि तेच इंजिन ॲव्हेंजरमध्ये 19 पीएसचं, तेही याच हिशेबाने. 220 चालवली आहे, ती या घराण्यातली सगळ्यात समजूतदार गाडी, यात वाद नाही.

तरीही नाही. एक तर पंधरा वर्षं उलटल्यामुळे नोंदणीचं नूतनीकरण करायचंय, तिथे इंजिन नंबर आणि चेसिस नंबर कागदाशी ताडून बघतात, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत असे फेरफार करू देत नाही. दुसरं म्हणजे काकांनी खंबाटकी चढवली ती या 180 ने. तिचा आवाज तोच राहायला हवा.

8 फेब्रुवारी

नाना पेठ, पुण्यातला सुट्या भागांचा बाजार. शॉकअपचे बुश, कोनसेट (हँडलच्या नळीतली बेअरिंगं), चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, ब्रेक केबल, सगळं एका फेरीत मिळालं. चाकाच्या तारा मात्र तीन दुकानं फिरून मिळाल्या. मागचं चाक पंधरा इंची, त्याच्या तारा सतरा-अठराच्या चाकांपेक्षा आखूड, प्रत्येकजण ठेवत नाही. चाकं बांधून आऊट (डगमग) काढून आणली.

टायर चढवताना एक हिशेब केला. पुढे 90/90-17, मागे 130/90-15: आधी रुंदी मिमीत, मग रुंदीच्या टक्क्यांत भिंतीची उंची, शेवटी रिम इंचांत. मागची रिम लहान म्हणून मागचं चाक लहान वाटतं. पण 130 चे नव्वद टक्के म्हणजे 117 मिमी, तेवढा रबर रिमच्या वर आणि तेवढाच खाली. पंधरा इंच म्हणजे 381. एकूण 615 मिमी. पुढच्याचं गणित मांडलं तर 594 भरतं. म्हणजे दिसायला छोटं असलेलं मागचं चाकच प्रत्यक्षात मोठं! रिम लहान ठेवल्याने गाडी मागे बसकी दिसते, आणि जाड टायरची उंच भिंत खड्ड्यातला पहिला धक्का स्वतः पोटात घेते. मागच्या शॉकअपला फार जागा नसलेल्या गाडीत हे फार मोलाचं.

एक वाईट बातमी. मागचं मडगार्ड आणि सायलेन्सरचं कव्हर क्रोमला दिलं होतं. मडगार्ड सुरेख आलं. कव्हरवर बफ मारताना इतकं घासलं की कडेचा पत्रा कागदासारखा पातळ झाला आणि बोल्ट आवळताच चिरला. दोष त्या कारागिराचा, आणि त्याने पैसे परतही केले, पण मूळ कव्हर गेलं याची हळहळ आहे. उद्या रविवार, जुन्या बाजारात शोधतो.

2 मार्च

कव्हर मिळालं. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात तिसऱ्या खेपेला, तेलाच्या डब्याखाली दडलेलं. घासून रंगवलं, क्रोमला पुन्हा द्यायची हिंमत नाही.

हँडलवर दोन आठवडे डोकं खाल्लं. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये बजाजने ही गाडी दोन वाटांनी नेली. क्रूझ 220 ला उंच, मागे वळलेलं हँडल, पाठटेकण, तारांची चाकं, क्रोम. स्ट्रीटला सपाट बुटकं हँडल, मॅगव्हील (तारांऐवजी ओतीव चाकं), सगळं काळं, आणि सोबत स्वस्तातली स्ट्रीट 150. त्याआधी क्रूझर म्हणजे काकांच्या वयाची गाडी समजत, स्ट्रीटने कॉलेजच्या पोरांना तिच्यावर बसवलं. पुढे 2018 मध्ये एलईडी दिवे आणि डिजिटल मीटर आले, 150 जाऊन 180 आली, 2019 मध्ये एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि 160, 2020 मध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन.

स्ट्रीटचं हँडल मित्राकडून आणून लावून पाहिलं. दिसतं देखणं. पण बसलो की खांदे पुढे जातात आणि पाय तर आधीच पुढे, कंबर मधल्यामध्ये वाकते. मूळ हँडल परत लावलं. टाकीवरचा पेट्रोलचा काटा आणि इंडिकेटरचे दिवेही तसेच ठेवलेत. नजर खाली न्यावी लागते खरी, पण टाकीच्या त्या क्रोमच्या पट्टीत काटा हलताना दिसला की लहानपणी पुढे बसून तो बघायचो ते आठवतं.

16 मार्च

सुरू झाली. सकाळी सव्वासातला, चोक ओढून, चौथ्या प्रयत्नात. आधी थोडा निळा धूर, मिनिटभरात साफ. आयडलिंग स्क्रू पाव फेरा कमी केला आणि तो ओळखीचा संथ ठेका लागला.

दुपारी काकांना वाईहून बोलावून घेतलं. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, क्रोमवर बोट फिरवलं, मग बसले. पाय न बघता फूटरेस्टवर गेले. हात हँडलवर बरोबर पडले. मग कपाळावर आठी.

"सीट वर आलीय का रे?"

मी म्हटलं नाही काका, नुसता फोम आणि रेक्झिन नवीन, खालचा पत्रा तोच. टेप आणून मोजलं. खोलण्याआधी वहीत लिहून ठेवलेली उंची 710 मिमी. आत्ता 728. अठरा मिलिमीटर, आणि काकांना ते टेकलेल्या टाचेवरून कळलं. एलिमिनेटरपासून इंजिनं, मीटर, चाकं, हँडलं बदलत गेली, पण या बैठकीला फारसं कुणी हात लावला नव्हता. तो मी लावला.

काकांनी तरी सोसायटीला एक चक्कर मारलीच, पहिल्या गिअरमध्ये, हळू. परत आले तेव्हा बोलले नाहीत, फक्त किल्ली माझ्याकडे न देता खिशात घातली.

सीट सोमवारी पुन्हा कुशनवाल्याकडे. फोम अठरा मिमी तासून घ्यायचा, आणि या वेळी टेप घेऊन स्वतः समोर उभा राहणार आहे.