पेल्याची भिंत आणि पाण्याचे कण

मंगळवार

पेल्यातून पाणी गळण्याविषयी आज लिहून ठेवतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये २.८२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, द्रवाच्या सिम्युलेशनसाठी (हालचालीच्या संगणकी नकलेसाठी) मँटाफ्लो आहे. पेला इफेक्टर (द्रवाला अडवणारी वस्तू) केला, प्रकार कोलिजन, म्हणजे टक्कर, ठेवला, तरी कण काचेतून आरपार जातात. त्याचं कारण म्हणजे सॉल्व्हरला, म्हणजे हालचालीचा हिशेब करणाऱ्या भागाला, काच दिसतच नाही, दिसतात ते जाळीचे कप्पे. कप्प्यापेक्षा पातळ भिंत त्याच्या हिशेबात धड येत नाही.

म्हणून आधी कप्पा मोजावा: डोमेनची (ज्या चौकटीत पाणी खेळतं तिची) सर्वांत लांब बाजू भागिले रिझोल्यूशन (त्या बाजूवरच्या कप्प्यांची संख्या). डोमेन २ मीटर आणि रिझोल्यूशन ६४, तर कप्पा ३ सेंटिमीटरच्या वर. पेल्याची भिंत ३ मिलिमीटर. रिझोल्यूशन २५६ केलं तरी कप्पा जवळजवळ ८ मिलिमीटरचा राहतो आणि कप्प्यांची संख्या ६४ पट होते. त्यापेक्षा डोमेनच आवळून २० सेंटिमीटर करावं. १२८ ला कप्पा १.५६ मिलिमीटर, भिंतीत जेमतेम दोन कप्पे.

जेमतेमवर मी विसंबणार नाही. दिसणारा पेला इफेक्टर करूच नये. त्याची प्रत काढून सॉलिडिफाय मॉडिफायरने बाहेरच्या अंगाला सेंटिमीटरभर जाड करावी, स्केल अप्लाय करावं, नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) बाहेर वळवावेत, रेंडरमध्ये, म्हणजे अंतिम चित्रात, ती लपवावी. तिचा आतला पृष्ठभाग काचेच्या जाडीत अर्धा मिलिमीटर शिरलेला हवा. मग पाणी काचेत किंचित घुसतं आणि सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडररमध्ये मधे हवेची चकचकीत फट दिसत नाही. इफेक्टरचा सरफेस थिकनेस (अडवणाऱ्या थराची जाडी) वाढवूनही गळती थांबते, पण तो पाण्याला आतल्या बाजूनेही ढकलतो. पेल्यात पाणी अधांतरी उभं दिसतं.

हलत्या वस्तूंचं दुखणं वेगळं. सेकंदाला १ मीटर वेगाने फिरणारा चमचा २५ फ्रेमच्या शॉटमध्ये दर फ्रेमला ४ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे पंचवीसेक कप्पे. मधल्या जागेतले कण त्याला भेटतच नाहीत. इफेक्टरचे सॅम्पलिंग सबस्टेप्स (दोन फ्रेममधल्या जादा नोंदी) ० वरून वाढवत न्यावेत, डोमेनचा सीएफएल आकडा (एका टप्प्यात द्रवाने किती कप्पे ओलांडावेत ती मर्यादा) उतरवावा, टाइमस्टेप्सची, म्हणजे एका फ्रेममधल्या हिशेबाच्या टप्प्यांची, कमाल ४ वरून ८ करावी. बेक (हिशेब करून साठवणं) लांबतो, त्याला इलाज नाही.

तिरक्या उतारावर पाणी पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत असेल तर डोमेनमधलं फ्रॅक्शनल ऑब्स्टॅकल्स चालू करावं. उतार गुळगुळीत होतो.

आणि यातलं काहीही बदलण्याआधी मेश (कणांवरून बनवलेला पाण्याचा पृष्ठभाग) बंद करून नुसते कण बघावेत. कण आत आणि पृष्ठभाग मात्र काचेबाहेर, असं पुष्कळदा निघतं. तो दोष टकरीचा नसून मेशच्या पार्टिकल रेडियसचा असतो. कॅशचा (साठवलेल्या हिशेबाचा) प्रकार मॉड्युलर ठेवून बेकच्या आधी इज रिझ्युमेबल चालू केलं असेल तर तेवढा मेश पुन्हा बेक करता येतो, मूळ सिम्युलेशनला हात लागत नाही.