टेपसोबत रंग का सुटतो?

मी केलेलं विमानाचं एखादं छोटं प्लास्टिकचं मॉडेल कुणी हातात घेऊन पाहिलं की एक प्रश्न हमखास येतो: "मास्किंगला, म्हणजे रंग नको तो भाग झाकायला, टेप कोणती वापरता? आमची टेप काढली की खालचा रंगही तिच्यासोबत निघून येतो." तुम्ही विचारलंत म्हणून आधी उत्तर देऊन टाकते. पातळ, पिवळी, मॉडेलसाठीच मिळणारी कागदी टेप. पण एवढ्यावर तुमचं काम होणार नाही, कारण माझ्या रंगाचा सगळ्यात मोठा पोपडा निघाला तो ह्याच टेपखाली, आणि चूक टेपची नव्हती.

मॉडेल होतं स्पिटफायरचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं, 1/72 प्रमाणातलं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं). जून 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरायच्या सुमारास दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर ओळख पटावी म्हणून काळेपांढरे पट्टे रंगवले होते, तीन पांढरे आणि दोन काळे. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा 18 इंच रुंद, म्हणजे 1/72 मध्ये सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास. मी पांढरा रंग दिला, रात्रभर थांबले, टेप लावली, काळा मारला. टेप उचलली तर नखाएवढा पांढरा पापुद्रा तिला चिकटून वर आला.

त्या दिवशी एक गोष्ट केली, ती तेव्हापासून दर वेळी करते. रंग निघालेली जागा उजेडात नीट पाहिली. खाली कोरं, चकचकीत, राखाडी प्लास्टिक दिसत होतं. म्हणजे रंग मधून फाटला नव्हता, त्याने प्लास्टिकला मुळात धरलंच नव्हतं. तुमचा रंग निघाला की तुम्हीही आधी हेच बघा. खाली प्लास्टिक दिसलं तर पूर्वतयारी कमी पडली. प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर, शाबूत असेल आणि फक्त वरचा रंग गेला असेल, तर बहुतेक वेळा तो रंग कोरडा बसलेला असतो किंवा पुरता मुरलेला नसतो.

पूर्वतयारी म्हणजे मुख्यतः स्वच्छता. साच्यातून भाग सुटून यावा म्हणून वापरलेल्या तेलकट पदार्थाचा अंश किटवर, म्हणजे मॉडेलच्या सुट्या भागांवर, राहिलेला असू शकतो, म्हणून सगळे भाग भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायचे. पण मॉडेल जोडताना ते शेकडो वेळा हातात येतं आणि बोटांचं तेल पुन्हा लागतं. माझ्या स्पिटफायरच्या पंखाचा सांधा मी रंगाच्या आधी घासला होता आणि ती भुकटी नुसती फुंकून उडवली होती. पोपडा नेमका तिथेच निघाला. आता रंगाआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसते आणि त्यानंतर उघड्या हाताने मॉडेल धरत नाही. पुसायला लॅकर थिनर (तीव्र द्रावकाचा लॅकर रंग पातळ करायचं द्रव) मात्र घेऊ नका, त्याने प्लास्टिक विरघळतं.

मग प्रायमर. लॅकरमधला द्रावक पॉलिस्टायरीनचा, म्हणजे मॉडेलच्या प्लास्टिकचा, वरचा थर किंचित मऊ करतो, त्यामुळे रंग त्यात रुततो. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकला हे जमत नाही, तो प्लास्टिकवर पापुद्र्यासारखा नुसता पडून असतो. म्हणून असा रंग वापरणार असाल तर खाली लॅकर प्रायमरचा हात हवाच. मी मिस्टर सरफेसर 1500 हा लॅकर प्रायमर पातळ करून मारते. लॅकरची वाफ घातक असते, तेव्हा हवा बाहेर फेकण्याची सोय आणि वाफ अडवणारा फिल्टरचा मास्क ह्यात तडजोड करू नका.

आता ज्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही, ते. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन, फार लांब धरला किंवा हवेचा दाब जास्त ठेवला, तर रंगाचे थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभागावर भुकटीसारखे बसतात. डोळ्यांना रंग छान मॅट दिसतो, पण त्यावर बोट फिरवलं तर खरखरीत लागतो. असा थर टेप सहज उचलते. रंग ओलाच पोहोचला पाहिजे, क्षणभर ओलसर चमकला पाहिजे. मी साधारण 15 ते 20 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाब ठेवते, जवळून मारते आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ हात देते.

आणि धीर धरा. वाळणं वेगळं, मुरणं वेगळं. हाताला कोरडा लागणारा रंग आतून अजून मऊ असू शकतो. लॅकर लवकर तयार होतो, ॲक्रिलिकला मी निदान एक पूर्ण दिवस देते, इनॅमलला, म्हणजे सावकाश वाळणाऱ्या तेली रंगाला, कित्येक दिवस. मॉडेल नाकाशी धरून बघा. वास येत असेल तर टेप लावू नका.

टेपचं काम त्यानंतर. पट्टी आधी स्वच्छ काचेवर दोन-तीनदा चिकटवून काढते, म्हणजे तिचा चिकटपणा उतरतो. दाबते फक्त कडेला. मोठा भाग झाकायचा असेल तर साधा कागद ठेवून त्याच्या कडांनाच टेप लावते. वरचा रंग हाताला लागेनासा झाला की लगेच टेप काढायला घेते, रात्रभर ठेवत नाही. काढताना वर ओढत नाही. तिचं टोक मागे दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश सोडवते. कडेला रंगाचा जाड थर साचला असेल तर आधी पात्याचं टोक हलकेच फिरवून घेते, म्हणजे दोन थर एकमेकांना खेचत नाहीत.

एवढं करूनही पोपडा निघाला, तर त्यावर थेट रंग भरू नका, खड्डा दिसत राहतो. 2000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून कड घासा, नख फिरवल्यावर अडकेनासं होईपर्यंत. मग पुसा, प्रायमर मारा, रंग द्या. स्पिटफायरच्या त्या पंखावर मी आधी असंच केलं, पण शेजारचा पांढराही सुटत गेला. शेवटी पंखावरचा सगळा रंग उतरवला, पंख धुतला आणि प्रायमरपासून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या वेळी पाचही पट्टे स्वच्छ निघाले, आणि टेप तीच होती, त्याच गुंडाळीतली.