तुम्ही विचारलंत म्हणून: पोलीस अडवत नाहीत का?

सायकलला रस्त्यावर जागा मिळावी म्हणून आम्ही नागपुरात ग्रुपने सायकल राईड काढतो. तिचा फोटो टाकला की कोणीतरी विचारतंच, इतके जण सायकली घेऊन निषेध करता, मग पोलीस अडवत नाहीत का? अडवतात ना. आम्हाला दोनदा अडवलं आणि दोन्ही वेळा पहिला प्रश्न एकच, "परमिशन कुठे आहे?"

नागपूरला निषेध म्हटलं की हिवाळी अधिवेशन आठवतं, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला बॅरिकेड, पुढे मोर्चा, मागे बंदोबस्त. त्यामुळे चौकातल्या हवालदारालाही आम्ही मोर्चाच वाटतो, त्यात त्याची चूक नाही. पण बघा, मी एकटी झिरो माईलवरून संविधान चौकात सायकलने गेले तर ती ट्रॅफिक, ना लायसन्स लागत ना नंबर प्लेट, आणि तेच चाळीस जण पाठीवर 'आम्हालाही रस्ता द्या' लिहिलेला कागद लावून निघालो की लगेच मिरवणूक? घटनेच्या कलम 19 मध्ये शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमायचा हक्क दिलाय, आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली काही दिवस जमावबंदीही लावता येते, म्हणून आम्ही आधी ऑर्डर लागलीय का बघतो आणि पोलीस स्टेशनला पत्र देतो. पत्र देणं म्हणजे भीक मागणं नाही, हे मला मनापासून वाटतं.

हाच वाद लंडनमध्ये पार वरच्या कोर्टात गेला होता. क्रिटिकल मास नावाची राईड, 1992 ला सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी निघते, नेता कोणी नाही, रूटही ठरलेला नसतो. लंडनचे पोलीस म्हणाले आधी कळवा. 2008 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, सांगितलं की ही नेहमीची, रिवाजाने निघणारी राईड आहे, तिला पूर्वसूचना लागत नाही. आणि तरी 27 जुलै 2012 ला, ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या रात्री, थेम्सच्या उत्तरेला जायचं नाही अशी अट घालून त्याच राईडमधल्या 182 जणांना अटक झाली. म्हणजे कोर्टात जिंकलं तरी रस्त्यावर त्या दिवशी पोलीस काय ठरवतात यावर खूप काही असतं.

तिकडे एक पद्धत आहे, सिग्नल लाल झाला तरी ग्रुप तुटू नये म्हणून दोघं-तिघं आडव्या रस्त्यावर सायकल लावून गाड्या थांबवतात. आम्ही ते करत नाही. धंतोली, रामदासपेठेकडे इतकी हॉस्पिटलं आहेत, मागे ॲम्ब्युलन्स असली तर? सिग्नल लागला की आम्ही थांबतो, पुढचे पलीकडे कडेला थांबून वाट बघतात. दुसऱ्यांदा अडवलं तेव्हा साहेब आधी चिडूनच बोलत होते, कोणीच आवाज चढवला नाही, पत्राची कॉपी दाखवली, त्यांनी सिग्नलला आम्हाला थांबलेलं बघितलं होतं, दहा मिनिटांनी म्हणाले, जा, पण डावीकडून.

आणि हे सगळं कशाला? माझे बाबा तीस वर्षं सायकलने ड्युटीला गेले. आता रिटायर झालेत, सायकल अजून तेल-पाणी करून ठेवतात, पण वर्धा रोडला मीच त्यांना जाऊ देत नाही, गाड्या ज्या वेगाने अंगावर येतात ना. राईडला मात्र ते येतात, आम्ही त्यांना मधे ठेवतो.